सरकारचा पैसा, प्राध्यापकांची कंपनी

50 लाख रुपयांपर्यंत अनुदान, 18 महिन्यांची मुदत आणि परतफेड नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं 2012 मध्ये 'बायरॅक' ही सरकारी कंपनी काढली आणि तिच्यामार्फत ही योजना सुरू झाली. पूर्ण नाव बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट, पण सगळे नुसतं 'बिग' म्हणतात. वर्षातून दोनदा, 1 जानेवारीला आणि 1 जुलैला, अर्ज मागवले जातात. प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट बाजारापर्यंत नेऊ पाहणारा संशोधक अर्ज करू शकतो. संस्थेची ना हरकत मिळाली तर विद्यापीठातला पगारी प्राध्यापकसुद्धा. पैसा मात्र शेवटी कंपनीच्या खात्यात जातो, विद्यापीठाच्या नाही.

वाद आहे तो याच शेवटच्या अटीवर.

या लेखातले दोघं त्या वादाच्या दोन टोकांना उभे आहेत. एक नागपूर विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवणारी अध्यापिका, दुसरे सिव्हिल लाइन्समधल्या महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेले लेखापरीक्षक. दोघं एकाच कॉलनीत राहतात. ती त्यांना काका म्हणते, ते तिला मॅडम म्हणतात आणि त्यात थोडी थट्टा असते. माणसं या लेखापुरती घडवलेली आहेत. ते ज्या संस्था, रकमा आणि तारखा एकमेकांच्या तोंडावर फेकतात, त्या खऱ्या आहेत.

अध्यापिकेच्या हातात आहे संत्र्याच्या झाडातला ग्रीनिंग रोग ओळखणारी एक चाचणी. पानाचा देठ कुटायचा, नळीत टाकायचा, साठ-पासष्ट अंशांवर तासभर ठेवायचा. रंग बदलला तर झाड रोगी. प्रयोगशाळेत ती चालते. बाहेर चालेल का, हे पाहायला तिला कंपनी काढायची आहे.

"पगार सरकारचा," काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "प्रयोगशाळा सरकारची, वीज सरकारची, पीएचडीची पोरं सरकारच्या फेलोशिपवर. आता अनुदानही सरकारचंच. आणि कंपनी? ती तेवढी मॅडमची!"

"मग काय करू काका? पेपर छापू?"

"छापा ना. तेच तर काम आहे तुमचं."

"छापला की तो जगाला फुकट. कॅलिफोर्नियातली कंपनी वाचेल, चीनमधली वाचेल, किट बनवेल आणि आपल्याच काटोलच्या शेतकऱ्याला डॉलरच्या भावानं विकेल. वर पेटंटही गेलं. आपल्या कायद्यात शोध आधी जाहीर झाला की नवेपणा संपतो. थोडेफार अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर कुणी राहत नाही."

"पेटंट घ्या की मग. विद्यापीठाच्या नावानं घ्या, आणि कुण्या कंपनीला परवाना देऊन टाका. तुम्ही काऊन दुकान मांडून राहिले?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. अमेरिकेत तो 1976 मध्येच उभा राहिला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठातले हर्बर्ट बोयर यांनी रॉबर्ट स्वॉन्सन या तरुण गुंतवणूकदाराबरोबर जेनेनटेक काढली, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनीही असंच नाक मुरडलं होतं. मूळ संशोधनामागे सरकारी पैसा होता. दोन वर्षांत त्या कंपनीनं जिवाणूकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेतलं आणि 1982 मध्ये एलाय लिली कंपनीनं ते बाजारात आणलं. मधल्या काळात, 1980 मध्ये, बे-डोल कायदा झाला आणि सरकारी पैशातून निघालेल्या शोधाची मालकी विद्यापीठांकडे ठेवायची मुभा मिळाली. भारतानं त्याच धर्तीचं विधेयक 2008 मध्ये राज्यसभेत मांडलं. सहा वर्षं ते तिथेच राहिलं आणि 2014 मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे सरकारी पैशातून निघालेला शोध कुणाचा, याला एक कायदा असं उत्तर आपल्याकडे नाही. संस्थेगणिक धोरण वेगळं.

"परवाना कुणाला देऊ?" अध्यापिकेनं विचारलं. "मोठी कंपनी दारात येते ती तयार माल बघायला. माझ्याकडं काय आहे? बारा नळ्या, एक वही आणि तीन पोरं. नळीतलं रसायन चाळीस अंश उन्हात किती दिवस टिकतं, हे मला अजून माहीत नाही. आणि मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसला जातं! हे तपासायला पैसा कोण देणार? संशोधनाचं अनुदान म्हणतं, यात नवीन ज्ञान काय? बँक म्हणते, तारण काय? 'बिग' या दोघांच्या मधल्या जागेसाठी आहे."

काकांनी हे ऐकून घेतलं. त्यांची खरी हरकत पैसे देण्याला नव्हती, ते कुणाच्या हाती जातात याला होती. त्यासाठी त्यांनी नागपूरचाच दाखला काढला. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण, मँगनीजच्या खाणींवर पैसा कमावलेले. 1930 मध्ये जाताना त्यांनी सुमारे 35 लाख रुपये नागपूर विद्यापीठाला तंत्रशिक्षणासाठी ठेवले. आजचा हिशेब मांडायचा तर कितीतरी कोटी. त्यातून 1942 मध्ये अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली.

"खाजगी माणसानं सार्वजनिक संस्थेला दिलं. आता उलटं चाललंय: सार्वजनिक पैसा, खाजगी कंपनी."

"आणि 2023 मध्ये त्याच संस्थेचं विद्यापीठ झालं, तेव्हा नावात काय घातलं? इनोव्हेशन. 'एलआयटी'चं पूर्ण नाव आता लक्ष्मीनारायण इनोव्हेशन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी. नुसत्या नावानं नवोपक्रम होत नाही, काका. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं नवोपक्रम, नवसंशोधन आणि साहचर्याचा संचालक असं पदच तयार केलं. पद आलं, फलक आला. पण माझ्या विभागात मंजूर जागांवर माणसं नाहीत. केंद्राचं 2019 चं धोरण म्हणतं, प्राध्यापकानं स्टार्टअपसाठी रजा घ्यावी. मी रजेवर गेले तर एम.एस्सी.ला शिकवणार कोण?"

"तेच धोरण आणखी एक म्हणतं," काका म्हणाले. ते वाचून आले होते. "संस्थेनं अशा कंपनीत 2 ते 9.5 टक्के भागभांडवल घ्यावं. ते मला पटलं. विद्यापीठाचं नाव, जागा, यंत्रं वापरली, तर विद्यापीठाचा वाटा कागदावर पाहिजे. तुमच्या अर्जात आहे का तो?"

अध्यापिकेच्या अर्जात तो नव्हता. असायला हवा, हे तिनं मान्य केलं, पण त्यावर सही कोण करणार हे तिला ठाऊक नव्हतं.

अशा वादात बहुतेक वेळा यशाची एकच कथा सांगितली जाते, आणि तिनंही ती सांगितलीच. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक राहुल पुरवार. रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती: रुग्णाच्याच शरीरातल्या टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला लावायचं आणि परत रुग्णाला द्यायच्या. 2018 मध्ये इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली. 4 जून 2021 रोजी टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात देशातल्या पहिल्या रुग्णाला हा उपचार मिळाला. त्या पहिल्या चाचण्यांसाठी जैवतंत्रज्ञान विभाग आणि बायरॅकनं राष्ट्रीय बायोफार्मा मिशनमधून 19.15 कोटी मंजूर केले होते. ऑक्टोबर 2023 मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी आली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटीत त्याचं लोकार्पण केलं.

"परदेशात हाच उपचार तीन-चार कोटींचा. इथं त्याच्या दहाव्या हिश्शात."

"म्हणजे किती?"

"तीस-चाळीस लाखांच्या घरात."

"सरकारनं 19 कोटी ओतले आणि गोंदियाच्या माणसाला तीस लाख मोजायला लागून राहिले! याला तुम्ही यश म्हणता?"

"हो, म्हणते. आधी त्याला तीन कोटी लागायचे, म्हणजे उपचारच नव्हता. आता निदान सरकारला विमा योजनेत घासाघीस करता येईल असा आकडा आहे. आणि हे पेपर छापून झालं नसतं. पेशी वाढवायची खोली, तिची स्वच्छता, प्रत्येक रुग्णाची वेगळी बॅच, गोठवून ने-आण: ही कारखान्याची कामं आहेत. ती कंपनीनंच करायची असतात."

इथे काकांनी हुकूम टाकला. शांता बायोटेक. हैदराबादेत 1993 मध्ये वरप्रसाद रेड्डी यांनी काढलेली कंपनी, जी काही काळ सीसीएमबी या सरकारी संस्थेच्या आधारानं वाढली. सरकारच्या तंत्रज्ञान विकास मंडळानंही तिला अर्थसाहाय्य दिलं. 1997 मध्ये तिनं हिपॅटायटिस-बीची भारतीय बनावटीची पहिली पुनर्संयोजित लस आणली आणि आयात लशीची मक्तेदारी मोडली. 2009 मध्ये फ्रान्सच्या सनोफीनं ही कंपनी ताब्यात घेतली.

"बियाणं आमचं, वावर आमचं, पीक फ्रान्सचं."

"पण लस स्वस्त झाली की नाही? देशात दुसऱ्या कंपन्याही त्यात उतरल्या की नाही? पैसा कुणाच्या खिशात गेला हा एक हिशेब, बाळाला लस मिळाली का हा दुसरा. तुम्ही पहिलाच मांडता."

"मी दोन्ही मांडतो. माझं म्हणणं इतकंच, की पैसा देतानाच कागदावर लिहा: ही कंपनी विकली गेली तर सरकारला काय परत मिळणार."

यावर लेखकाचं मत काकांच्या बाजूला थोडं झुकतं. अनुदान बुडण्याची भीती फार बोलून दाखवली जाते. खरं तर या टप्प्यावर बरेच प्रयोग बुडणारच. ते मान्य करूनच 50 लाखांची मर्यादा ठेवली आहे. आपला देश संशोधन आणि विकासावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास. त्या तोकड्या खर्चात ही रक्कम कुणाला भिकारी करणार नाही. प्रयोग जिंकला तर काय, हा प्रश्न मात्र कमी विचारला जातो. किमतीवर बंधन हवं की नको, सरकारी दवाखान्याला सवलत हवी की नको, हे जिंकल्यानंतर ठरवायला गेलं तर समोर वकिलांची फौज असते.

काकांचा दुसरा मुद्दा मात्र जास्त टोकदार होता, आणि तो त्यांच्या घरापासून दोन कोसांवरच घडला होता.

मे 2021. दुसऱ्या लाटेत नागपूर होरपळत होतं. नेहरू मार्गावरच्या 'नीरी'त, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, डॉ. कृष्णा खैरनार यांच्या गटानं मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून कोरोनाची आरटी-पीसीआर चाचणी करायची पद्धत काढली. नाकात काडी नाही. पंधरा सेकंद गुळण्या करायच्या, नळीत थुंकायचं. एका साध्या द्रावणात ठेवून थोडं तापवलं की आरएनए वेगळा काढायच्या महागड्या किटचीही गरज नाही. तीन तासांत निकाल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं मान्यता दिली. आणि 11 सप्टेंबर 2021 रोजी नीरीनं हे तंत्र केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाकडे सोपवलं. एकाच कंपनीची मक्तेदारी नाही. ज्याला बनवायचं त्यानं बनवावं.

"बघा," काका म्हणाले. "कंपनी नाही, भागभांडवल नाही, 'बिग' नाही. सरकारी शास्त्रज्ञानं काढलं, देशाला देऊन टाकलं. याला म्हणतात सार्वजनिक पैसा."

अध्यापिका हसली नाही. "मे आणि सप्टेंबर, काका. मध्ये काय झालं?"

"काय झालं?"

"लाट ओसरली. मे महिन्यात ज्या गावात काडी नव्हती, किट नव्हतं, त्या गावाला ही नळी पाहिजे होती. पद्धत कागदावर होती. नळ्या भरून, शिक्का मारून, पुरवठा करणारं कुणी आधीपासून उभं नव्हतं. खैरनार सरांच्या गटानं त्यांचं काम चोख केलं. पुढचं काम त्यांचं नव्हतंच. ज्ञान फुकट वाटता येतं, पण नळ्या कुणीतरी बनवाव्याच लागतात, आणि फुकट मिळालेल्या ज्ञानात पैसा घालायला कुणी पुढं येत नाही, कारण उद्या शेजारचाही तेच बनवणार."

"मग बनवायला सरकारनं उतरावं."

"उतरलं होतं ना. वर्धा रोडवर. बिकानेरी नरमा."

हा विषय नागपुरात निघाला की जाणकार आवाज खाली आणतात. मोन्सँटोचं बीटी तंत्रज्ञान 2002 मध्ये जालन्याच्या महिकोमार्फत देशात आलं आणि काही वर्षांत विदर्भाचा कापूस जवळजवळ सगळा खाजगी संकरित बियाण्यावर गेला. त्याला उत्तर म्हणून वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून बिकानेरी नरमा हे सार्वजनिक क्षेत्राचं बीटी वाण आणलं. ते सरळ वाण होतं, म्हणजे शेतकऱ्याला घरचं बी पुढच्या वर्षी पेरता आलं असतं. 2008 मध्ये मान्यता मिळाली, 2009 च्या खरिपात बियाणं विकलं गेलं आणि लगेचच ते मागे घ्यावं लागलं, कारण त्यात मोन्सँटोच्या जनुकाचा अंश सापडला. डॉ. सोपोरी यांच्या समितीनं नंतर चौकशी केली. हेतू उत्तम होता, शास्त्रज्ञही कमी नव्हते. पण बियाण्याची शुद्धता पिढ्यानपिढ्या सांभाळणं, प्रत्येक टप्प्यावर नमुना तपासणं, गाडी थांबवण्याचा अधिकार कुणाकडे तरी असणं ही शिस्त बाजारात उतरणाऱ्याला लागते, आणि ती संशोधन संस्थेच्या वहीत आपोआप येत नाही.

काकांनी एवढंच म्हटलं, "त्यात घाई झाली होती. आणि घाई तुमच्या कंपन्यांत जास्तच असते. 18 महिने म्हणजे काय? दीड वर्ष. संत्र्याचं झाड पाच वर्षांनी फळाला येतं."

बोलणं तिथून संत्र्यावर गेलं, आणि वादानं वळण घेतलं.

ग्रीनिंग हा जिवाणूचा रोग. झाडाच्या अन्नवाहिन्यांत तो राहतो, प्रयोगशाळेत सहजी वाढवता येत नाही. पानं पिवळी चट्टेदार होतात, पण जस्ताची कमतरता असली तरी पानं तशीच दिसतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी भल्याभल्यांची फसगत होते. सायला ही बारीक कीड तो पसरवते, आणि त्याहून मुकाट्यानं तो पसरतो कलमातून. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात; तो डोळा रोगी झाडाचा असेल तर रोपवाटिकेतून निघालेलं प्रत्येक कलम रोग घेऊन बागेत जातं. वरूड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटच्या रोपवाटिका प्रसिद्ध आहेत. तिथली कलमं लांबलांब जातात. शेतकरी पाच वर्षं पाणी देतो, खत देतो, आंबिया बहार धरायच्या वेळी कळतं की झाड खचलंय. तोवर पावती हरवलेली असते.

"म्हणजे तुमची ही नळी घेणार कोण?" काकांनी विचारलं. "शेतकरी?"

"नाही. त्याच्याकडं कलम येतं तेव्हा उशीर झालेला असतो. खरी जागा रोपवाटिका. मातृवृक्ष तपासला की पुढची हजारो कलमं वाचतात."

"आणि रोपवाटिकावाला तुमच्याकडून नळी विकत घेऊन स्वतःचाच माल रोगी ठरवेल?"

ती गप्प बसली. अर्जात 'ग्राहक' या रकान्यात तिनं 'संत्रा रोपवाटिकाधारक' असंच लिहिलं होतं.

अनुदानाच्या चर्चेत हा रकाना नेहमी शेवटी येतो. सगळं लक्ष पैसा मिळाला की नाही यावर असतं. पुण्यात एनसीएल या सरकारी रसायन प्रयोगशाळेच्या आवारात 2007 पासून व्हेंचर सेंटर आहे. तिथे यंत्रं भाड्यानं मिळतात, पेटंटचा मसुदा करणारा मिळतो, परवान्याच्या वाटा माहीत असलेला माणूस मिळतो. एनसीएलच्याच शास्त्रज्ञ डॉ. अनुया निसळ यांनी रेशमाच्या प्रथिनापासून वैद्यकीय साहित्य बनवणारी सेरिजेन ही कंपनी याच वातावरणात उभी केली. नागपूरच्या संशोधकाला यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी आजही रात्रीची ट्रॅव्हल्स पकडावी लागते. ही उणीव खरी आहे आणि ती इमारती बांधून, माणसं नेमून भरता येईल. पण ग्राहक नसेल तर पुण्यातली कंपनीही दोन वर्षांत अनुदानावरून दुसऱ्या अनुदानावर उडी मारत राहते. अशा कंपन्या कमी नाहीत; त्यांना पुरस्कार मिळतात, विक्री होत नाही.

"तुमचा ग्राहक सरकार आहे, मॅडम," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"1969 चा फळरोपवाटिकांचा कायदा आहे महाराष्ट्रात. परवान्याशिवाय कलमं विकता येत नाहीत. परवाना देताना मातृवृक्षाची तपासणी सक्तीची केली, की नळी कोण घेणार हा प्रश्नच उरत नाही."

आता बोलायची पाळी तिची होती, आणि तिच्याजवळ याहून मोठा आकडा होता. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला: 1,765.67 कोटी रुपये, देशभरात नऊ केंद्रं, फळझाडांची रोगमुक्त लागवड सामग्री तयार करायची. त्यातली तीन महाराष्ट्रात जाहीर झाली, द्राक्षासाठी पुणे, डाळिंबासाठी सोलापूर आणि संत्र्यासाठी नागपूर. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था तर अमरावती रोडवरच आहे आणि रोगमुक्त कलमांचं काम तिथे कितीतरी वर्षं चालू आहे.

"म्हणजे एक खातं तुम्हाला चाचणी बनवायला पन्नास लाख देणार," काका सावकाश म्हणाले, "आणि दुसरं खातं रोपं तपासायला कोट्यवधी खर्चणार. या दोन फाइली एकमेकींना भेटतात कुठं?"

"कुठंच भेटत नाहीत. जैवतंत्रज्ञान विभाग एका मंत्रालयात, कृषी दुसऱ्या. आणि भेटल्या तरी निविदा निघणार. निविदेत काय लिहितील? तीन वर्षांचा अनुभव, अमुक कोटींची उलाढाल."

"त्यात सूट आहे," काकांमधला लेखापरीक्षक जागा झाला. "2017 चे सामान्य वित्तीय नियम. मान्यताप्राप्त स्टार्टअपला पूर्वानुभव आणि उलाढालीची अट शिथिल करता येते. बयाणा रक्कमही माफ."

"करता येते. करतो का कुणी? अधिकाऱ्यानं सूट दिली आणि नळी खराब निघाली, तर आक्षेप कोण घेतं?"

काकांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. "आम्हीच घेत होतो," ते म्हणाले. "सगळ्यात कमी दराला सोडून दुसऱ्याला का दिलं, हा आमचा ठरलेला प्रश्न."

अमेरिकेनं हा पेच निदान कागदावर सोडवला आहे. तिथल्या 1982 च्या कायद्यानं लघुउद्योगांच्या संशोधनासाठी एसबीआयआर योजना सुरू केली. मोठ्या सरकारी खात्यांना बाहेर द्यायच्या संशोधन निधीतला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी राखावाच लागतो. पहिल्या टप्प्यात कल्पना पडताळायची, दुसऱ्यात नमुना बनवायचा. तिसऱ्या टप्प्यात या योजनेचा पैसा नाही, पण पहिल्या दोन टप्प्यांतून आलेली वस्तू सरकारी खातं नव्यानं स्पर्धा न लावता थेट विकत घेऊ शकतं, कारण स्पर्धा आधीच होऊन गेली असं कायदा मानतो. भारतानं 2005 मध्ये जवळजवळ त्याच नावाची एसबीआयआरआय योजना आणली, पुढे 'बिग' आलं. पहिले दोन टप्पे आपण घेतले. तिसरा राहिला.

महाराष्ट्रात त्याच्या जवळ जाणारी एक गोष्ट आहे. राज्याची इनोव्हेशन सोसायटी 2018 पासून स्टार्टअप सप्ताह भरवते आणि निवडलेल्या 24 कंपन्यांना सरकारी खात्यांत प्रयोग करायला 15 लाखांपर्यंतचा कार्यादेश मिळत आला आहे. रक्कम छोटी आहे, तरी तिला अनुदानाच्या पन्नास लाखांइतकंच वजन द्यायला हवं. सरकारी खात्यानं एकदा पैसे मोजून वस्तू वापरली की पुढच्या खातेप्रमुखाला दाखवायला कागद तयार होतो, आणि असा कागद नसेल तर चांगली वस्तूही दारातून परत येते. 2025 मध्ये केंद्रानं संशोधनासाठी जाहीर केलेली एक लाख कोटींची योजना मुख्यतः स्वस्त, लांब मुदतीच्या कर्जाची आणि भागभांडवलाची आहे, तीही बऱ्यापैकी पुढे गेलेल्या तंत्रज्ञानासाठी. तिथेही कर्ज फेडायला आधी कुणीतरी माल विकत घ्यावा लागणार.

"तरी माझी हरकत संपली नाही," काका म्हणाले. "तुम्ही विद्यापीठात बसून चाचणी बनवणार, सरकारी समितीवर बसून ती सक्तीची करा म्हणणार, आणि कंपनीच्या नावानं विकणार. तिन्ही टोप्या एका डोक्यावर नाही चालणार."

"समितीवर नाही बसणार मी."

"लिहून द्याल?"

"देईन. पण मग तुम्हीही एक सांगा. नळी शंभरातल्या पाच वेळा चुकली, तर आक्षेप घ्याल?"

"किती चुकते हे आधीच छापलं असेल, आणि तुमच्यापेक्षा वेगळ्या कुणीतरी तपासलं असेल, तर नाही घेणार."

वेगळ्यानं तपासायचं म्हणजे लिंबूवर्गीय संस्थेकडेच जायचं. त्यांच्याकडे पीसीआर आहे, खात्रीची रोगी आणि निरोगी झाडं आहेत. अध्यापिकेनं अंदाजपत्रकाचा कागद पुढे ओढला. उपकरणांवर तिनं निम्मी रक्कम टाकली होती. काकांनी त्यात तीन ठिकाणी गोल केले: हे यंत्र विद्यापीठात आहेच, हे भाड्यानं मिळेल, हे तुम्हाला हवं म्हणून लिहिलंय. तिनं तिसऱ्यावर वाद घातला आणि तो जिंकला. उरलेल्या पैशातून शेंदुरजना घाट आणि काटोलच्या दोन हंगामांतल्या तपासण्यांचा खर्च बसत होता, पण दुसरा हंगाम अठराव्या महिन्याच्या पलीकडे जात होता.

"मुदतवाढ मागा," काका म्हणाले.

"आत्ताच? अर्जातच?"

"अर्जातच लिहा, की झाड तुमच्या तिमाहीप्रमाणे वाढत नाही. आणि ग्राहकाचा रकाना खोडा. तिथं कृषी आयुक्तालय लिहा, त्यांचं पत्र जोडा."

"पत्र कोण देणार मला?"

"मागितलंय का?"

मागितलं नव्हतं. विद्यापीठाकडून ना हरकत प्रमाणपत्रही अजून यायचं होतं. ते कुलसचिवांच्या कार्यालयात होतं. काकांनी टेबलाचा क्रमांक विचारून घेतला.